दिसतं तसं नसतं

या वेळच्या पत्रांत एक गंमत आहे. विचारणारे निरनिराळे आहेत: कोणी पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यावर, कोणी परीक्षा विभागात, कोणी निवृत्तीला टेकलेले. अडलेत मात्र जवळजवळ एकाच जागी. पडद्यावर जे दिसतंय तेच फाईलमध्ये आहे, असं सगळेच धरून चाललेत. विद्यापीठाच्या संगणक मदतकक्षात बसून मी जेवढी रडगाणी ऐकली, त्यातली निम्मीअधिक याच समजुतीतून आलेली. तेव्हा उत्तरांत तोच पाढा पुन्हा पुन्हा आला तर कंटाळू नका.

प्रश्न : ताई, माझा प्रबंध २६० पानांचा झालाय. अनुक्रमणिका मी हाताने टाइप केलीय, टिंबं देऊन देऊन. आता गाईड म्हणतात, दुसऱ्या प्रकरणानंतर आणखी एक प्रकरण घाल. सगळे पानक्रमांक पुन्हा टाकायचे का? शिवाय सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पुढे १, २, ३ हवेत. ते जमेना म्हणून दोन वेगळ्या फाईली केल्यात. (पीएचडी विद्यार्थिनी)

उत्तर : एकही क्रमांक हाताने टाकू नकोस. आणि त्या दोन फाईली आजच एक कर.

प्रकरणाचं नाव लिहून तू ते ठळक केलंस, अक्षर मोठं केलंस. तुला ते शीर्षक दिसतं. वर्डच्या लेखी ती मोठ्या अक्षरातली एक ओळ आहे, कारण ते शीर्षक आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. सांगायचं असं: ओळीवर कर्सर ठेव आणि होम टॅबमधल्या स्टाइल्सच्या पट्टीत ‘हेडिंग १’ दाब. उपशीर्षकांना हेडिंग २, त्याखालच्यांना हेडिंग ३. ओळ एकदम निळी होईल, फॉन्ट भलताच येईल आणि इथेच बहुतेक जण घाबरून माघार घेतात. घेऊ नकोस. हेडिंग १ वर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’ निवड आणि हवा तो रंग, हवा तो आकार दे. सगळी प्रकरणं एका फटक्यात तशी होतील.

मराठी प्रबंधात इथे एक खोच आहे. आकार १६ चा १८ केला तरी देवनागरी अक्षर जागचं हलत नाही, आणि माणूस वैतागतो. मॉडिफायच्या चौकटीत खाली ‘फॉरमॅट’ आहे, त्यातून ‘फॉन्ट’ उघड. तिथे ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग असतो. देवनागरी त्या भागाचं ऐकते, वरच्या भागाचं नाही.

शीर्षकं लागली की ‘रेफरन्सेस’मध्ये जाऊन ‘टेबल ऑफ कंटेंट्स’ घाल. नवं प्रकरण घातल्यावर अनुक्रमणिकेवर राइट क्लिक, ‘अपडेट फील्ड’, ‘अपडेट एन्टायर टेबल’. संपलं. ‘व्ह्यू’मधलं ‘नेव्हिगेशन पेन’ सुरू केलंस तर सगळी प्रकरणं डावीकडे यादीसारखी दिसतील, आणि अख्खं प्रकरण तिथल्या तिथे ओढून वर-खाली नेता येईल. दृष्टिहीन वाचकांना मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडरही याच शीर्षकांवरून उड्या मारत पुढे जातं. नुसत्या मोठ्या अक्षरांचा त्याला काडीचा उपयोग नाही.

रोमन आकड्यांसाठी: पहिल्या प्रकरणाच्या अगदी आधी कर्सर ठेवून ‘लेआउट’, ‘ब्रेक्स’, ‘नेक्स्ट पेज’. याने फाईलचे दोन विभाग पडतात. मग दुसऱ्या विभागाच्या फूटरवर डबल क्लिक करून ‘लिंक टु प्रीव्हियस’ बंद कर आणि त्यानंतरच ‘फॉरमॅट पेज नंबर्स’मध्ये १ पासून सुरुवात सांग. आणि हो, नव्या पानासाठी एंटर एंटर एंटर करत खाली जायची सवय असेल, तर होम टॅबमधलं उलट्या ‘पी’सारखं चिन्ह (¶) दाबून बघ. तुझ्या प्रबंधात किती रिकामे परिच्छेद दडलेत ते दिसेल. नवं पान कंट्रोल-एंटरने येतं.

प्रश्न : वीसेक वर्षांपूर्वी टाइप केलेले माझे लेख नव्या लॅपटॉपवर उघडले तर इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं. फाईली खराब झाल्या का? काही लेखांचं रूपांतर करून घेतलं, पण त्यात शोध घेतला तर डोळ्यांसमोर असलेला शब्दही सापडत नाही. (मराठीचे प्राध्यापक)

उत्तर : सर, फाईली ठणठणीत आहेत. त्यांत मराठी कधी नव्हतंच, एवढंच.

जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती की फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं साठवायची आणि फॉन्टने त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवायचे. कृतिदेव या अशाच एका फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द म्हणजे ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं, त्यातला बी मोठा. फॉन्ट होता तोवर मराठी दिसत होतं. नव्या लॅपटॉपवर तो नाही, म्हणून खरा माल उघडा पडला. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे आणि ‘म’ हा ‘म’ म्हणूनच साठवला जातो, मग फॉन्ट कोणताही असो.

रूपांतर करताना आधी मूळ फॉन्टचं नेमकं नाव बघा. कृतिदेवचा अक्षरं बदलायचा तक्ता श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फॉन्टच्या मजकुराला लावला तर कडबोळ्याचं दुसरं कडबोळं होतं. रूपांतर झाल्यावर तीन जागा डोळ्यांत तेल घालून तपासा: पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं. कृतिदेवसारख्या फॉन्टात आपण दिसेल त्या क्रमाने टाइप करायचो, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलटं: पूर्वी तो अक्षरानंतर यायचा, आता र आणि हलन्त आधी. ही अदलाबदल रूपांतर करणाऱ्या साधनाला करावी लागते, आणि चुकतं ते इथेच. मूळ फाईली मात्र पुसू नका.

आता न सापडणारा शब्द. त्यात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ आहे का बघा. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं अदृश्य चिन्ह आणि मग य. पडद्यावर ही जुळी भावंडं, तुम्हा-आम्हाला ओळखू येणार नाहीत. संगणक मात्र आकार बघत नाही, साठवलेले क्रमांक बघतो, आणि त्याला ते दोन वेगळे शब्द वाटतात. उपाय साधा आहे: लेखातला ऱ्य कॉपी करून ‘फाइंड’मध्ये टाका, तुमच्या कीबोर्डने लिहिलेला ‘रिप्लेस’मध्ये, आणि एकदाच ‘रिप्लेस ऑल’. अदृश्य चिन्ह नसलेला साधा र वापरला की ‘दुसर्या’ होतं. छापील पुस्तकांतसुद्धा हल्ली ते दिसतं, आणि मला अजून खटकतं.

प्रश्न : एक्सेलमध्ये ००४७ लिहिलं की ४७ होतं. सोळा आकडी नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा आपोआप शून्य होतो. पोर्टलवरून उतरवलेल्या सीएसव्ही फाईलमध्ये मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. आमचंच एक्सेल बिघडलंय का? (परीक्षा विभागातील लिपिक)

उत्तर : बिघडलेलं नाही. ते आगाऊ आहे.

क्रमांक दिसला की एक्सेल त्याला संख्या समजतं, आणि संख्येच्या आधीच्या शून्याला अर्थ नसतो. शिवाय संख्येचे ते १५ अंकच जपतं, सोळाव्याच्या जागी शून्य ठेवतं. हा आकडा एकदा गेला की गेला. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी तो परत येत नाही. म्हणून टाइप करण्याआधी, रिकाम्या रकान्यालाच ‘टेक्स्ट’ स्वरूप द्या. ज्याची बेरीज कधी करायची नाही, असा कोणताही क्रमांक टेक्स्टच असावा.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाईल. तिच्यातली नावंही शाबूत असतात, एक्सेलने फाईल चुकीच्या सांकेतिकीने, म्हणजे अक्षरं साठवायच्या भलत्याच पद्धतीने उघडलेली असते. डबल क्लिक करू नका. रिकामी शीट उघडून ‘डेटा’, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ असं जा, ‘फाईल ओरिजिन’मध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा आणि डेटाचा प्रकार ओळखू नको असंही तिथेच सांगा. नावं आणि शून्यं दोन्ही वाचतील. चुकीची उघडलेली फाईल ‘सेव्ह’ मात्र करू नका, कारण तोवर फक्त दिसायला बिघडलेलं असतं, सेव्ह केल्यावर खरोखर बिघडतं.

या आगाऊपणापुढे जनुकशास्त्रज्ञांनीही हात टेकले. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ नावाच्या जनुकांच्या एक्सेल तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’ अशी. २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ‘ऑप्शन्स’, ‘डेटा’मध्ये हे आपोआप बदलणं बंद करता येतं. करून टाका.

जुन्या एक्सएलएस फाईली वापरत असाल तर आणखी एक. त्यांत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. २०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद याच कारणाने वेळेवर झाली नाही. निकालाची फाईल पुढे पाठवण्याआधी शेवटच्या ओळीचा क्रमांक आणि विद्यार्थ्यांची संख्या ताडून बघा.

प्रश्न : चौकशीच्या अहवालात विद्यार्थ्यांची नावं काळ्या पट्टीने झाकून पीडीएफ पाठवली. तरी दुसऱ्या दिवशी नावं सगळ्यांना ठाऊक! (प्रशासन विभाग)

उत्तर : तुम्ही नावावर काळा चौकोन ठेवलात, नाव खाली तसंच होतं. कोणीतरी मजकूर निवडून दुसरीकडे पेस्ट केला असणार. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदाचं नेमकं हेच झालं, पत्रकारांनी झाकलेला मजकूर कॉपी करून वाचला. मूळ वर्ड फाईलची प्रत करा, त्यातून नावं खरोखर खोडून ‘नाव वगळले’ लिहा आणि नवी पीडीएफ बनवा. पाठवण्याआधी कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे येईल ते साऱ्या जगाला वाचता येतं.

प्रश्न : ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, लगेच लॉगइन करा’ असा मेल आलाय, खाली विद्यापीठाचाच पत्ता आहे. खरा कसा ओळखू? (विद्यार्थी)

उत्तर : निळ्या अक्षरात लिहिलेला पत्ता आणि लिंक जिथे नेते तो पत्ता यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. लिंकवर माउस नुसता ठेव (फोनवर बोट दाबून धर) आणि खरा पत्ता बघ. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोध आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाच. मालक कोण ते त्या शेवटच्या तुकड्यांत असतं. विद्यापीठाचं नाव त्याच्याही डावीकडे कुठे असेल तर ते कोणीही लिहू शकतं. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नकोस, ते चोराच्या साइटलाही मिळतं. सोपा मार्ग हवाय? लिंक सोड, पत्ता स्वतः टाइप करून लॉगइन कर.

प्रश्न : लॅपटॉपवर जागा हवी म्हणून प्रकल्पाचं फोल्डर पुसलं, तर ते ड्राइव्हवरूनही गेलं. बॅकअप होता ना तो? (विद्यार्थिनी)

उत्तर : बॅकअप नव्हता, सिंक होतं. सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवणं, त्यामुळे इकडे पुसलंस की तिकडेही पुसतं, तेही निमूटपणे. आधी ड्राइव्हच्या ‘ट्रॅश’मध्ये धाव. गूगल ड्राइव्ह तिथे ३० दिवस ठेवतं, बाकीचं वाचन नंतर कर.

मिळालं? आता तीन प्रती ठेव, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक्स्टर्नल डिस्क जोडून कॉपी कर आणि काढून ठेव, कायम लावलेली डिस्क मोजायची नाही. आणि बॅकअप आहे असं समजून बसू नकोस, त्यातली एखादी फाईल अधूनमधून उघडून बघ. २०२१ च्या डिसेंबरात जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरचा सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला, आणि तो पुसला खुद्द बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुकीने.

प्रश्न : एका विद्यार्थ्याने दिलेली संदर्भसूची अगदी नीटनेटकी आहे, पण मला एआयचा वास येतोय. कसं तपासू? (मार्गदर्शक प्राध्यापिका)

उत्तर : मॅडम, नीटनेटकेपणावर जाऊ नका. लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिक, पानं असं सगळं बरोबर दिसणारं आणि अस्तित्वातच नसलेलं संदर्भवाक्य रचणं या साधनांना अगदी सहज जमतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांना एआयने रचलेल्या, कधी झालेच नाहीत अशा खटल्यांचे दाखले न्यायालयात दिल्याबद्दल ५ हजार डॉलर दंड झाला होता.

संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक बघा. तो नेहमी १० आणि टिंबाने सुरू होतो. डीओआय डॉट ओआरजीवर टाकल्यावर लेख उघडलाच पाहिजे, आणि तोच लेख उघडला पाहिजे. पुष्कळदा डीओआय खरा असतो पण भलत्याच विषयाकडे नेतो, म्हणून शीर्षक ताडून बघा. जुनी पुस्तकं आणि बरेच मराठी लेख यांना डीओआय नसतोच, त्यांच्यासाठी ग्रंथालयाची सूची. पुढच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरायला सांगा, ते मोफत आहे. त्यात लेख उघडून नोंद घेतली की सूची त्या नोंदींतून तयार होते.

या विद्यार्थ्याचं म्हणाल, तर सगळी यादी तपासत बसण्याआधी त्याला समोर बसवा आणि तुम्ही बोट ठेवाल तो लेख उघडून दाखवायला सांगा.