संगणकाचं बारसं: वाचकांचे प्रश्न

सदाशिव पेठेत आमचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. सहा विंडोज संगणक, सगळ्यांचं नाव 'डेस्कटॉप' आणि पुढे अगम्य अक्षरं. प्रिंटर कुठल्या मशीनला जोडलाय तेच कळत नाही. नावं काय द्यावीत?

माणसांची देऊ नका. माणूस नोकरी सोडून जातो, संगणक तिथेच राहतो. जागेवरून द्या: खिडकी, काउंटर, छपाई. मात्र ती रोमन लिपीत लिहा. अक्षरं, आकडे आणि मधे हायफन एवढंच चालतं. स्पेस, अंडरस्कोर नको. लांबी १५ अक्षरांच्या आत ठेवा, कारण नेटवर्कवर संगणक नावाने ओळखण्याची विंडोजची जुनी नेटबायोस पद्धत तेवढीच ओळखते. 'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टम'मध्ये, 'अबाउट'खाली नाव बदला आणि रीस्टार्ट करा. प्रिंटरच्या मशीनचं नाव बदललं की बाकी पाचांवर प्रिंटर पुन्हा जोडावा लागेल. रिटर्नच्या गर्दीत हे काढू नका.

कोथरूडला हॉस्टेलवर राहतो. उबुंटू लिनक्सचं होस्टनेम (संगणकाचं नाव) बदललं, तेव्हापासून प्रत्येक सुडो कमांडला (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालणाऱ्या) 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' येतं. सगळं पुन्हा इन्स्टॉल करू का?

अजिबात नको! नाव दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. 'होस्टनेमसीटीएल' या कमांडने ईटीसी फोल्डरमधली 'होस्टनेम' फाइल बदलली, शेजारच्या 'होस्ट्स' फाइलमध्ये जुनंच राहिलं. त्यामुळे संगणकाला स्वतःच्याच नव्या नावाचा पत्ता सापडत नाही. सुडो लावून नॅनो या एडिटरमध्ये 'होस्ट्स' उघडा. १२७.०.१.१ ने सुरू होणाऱ्या ओळीत जुनं नाव दिसेल, ते खोडून नवं लिहा. वरच्या १२७.०.०.१ लोकलहोस्टच्या ओळीला हात लावू नका. डोमेनही द्यायचं असेल तर त्याच ओळीत आधी डोमेनसकट पूर्ण नाव, मग स्पेस, मग छोटं नाव. हा क्रम उलटा झाला की पूर्ण नाव विचारणारी 'होस्टनेम -एफ' ही कमांड छोटंच नाव दाखवते. पुढे मेल सर्व्हर बसवायला गेलात की नेमकं तेच नडतं, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात रात्र जाते.

भोसरीत आमचं वर्कशॉप आहे. आतल्या नेटवर्कच्या डोमेनला शेवटी 'डॉट लोकल' लावलं तर चालेल?

नवीन उभारताय तर नका लावू. २०१३ पासून ते एमडीएनएससाठी, म्हणजे मशीन्सनी सर्व्हरशिवाय एकमेकांना नावाने शोधण्याच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. अशा नावासाठी मॅक किंवा लिनक्स तुमच्या डीएनएस सर्व्हरला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या) न विचारता आजूबाजूच्या मशीन्सना हाक मारतात. मग एका टेबलावर सर्व्हर सापडतो, दुसऱ्यावर नाही. वर्कशॉपच्या वेबसाइटचं डोमेन विकत घेतलेलं असेल तर त्याचंच उपडोमेन वापरा, हे सगळ्यात भक्कम. नसेल तर 'डॉट इंटर्नल' घ्या. आयकॅन या इंटरनेटवरची नावं सांभाळणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलंय. विंडोज सर्व्हरचं डोमेन आधीच 'लोकल'वर चालू असेल तर मात्र घाई नको. ते बदलणं मोठं काम आहे, नवा सर्व्हर घ्याल तेव्हाच करा.