सोलापूरचा उन्हाळा, कोंबुचा आणि सासऱ्यांची शुगर

प्रश्न : ताई, पुण्याच्या बहिणीनं मला कोंबुचाची, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाची, स्कोबी (चहा आंबवणारी जिवाणू-यीस्टची चकती) दिली. तिनं सांगितलं तसा साखरेचा कोरा चहा करून लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीत ठेवला. ती आठ-दहा दिवस म्हणाली होती, आमच्याकडे पाचव्या दिवशीच नाकाला झोंबणारं व्हिनेगर झालं. चकतीखाली तपकिरी तंतू लोंबतायत, म्हणजे खराब झालं का? सासऱ्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. कोंबुचानं शुगर उतरते, लिव्हर साफ होतं, गुडघे मोकळे होतात, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलंय. रोज पेलाभर मागतात. देऊ का? (एक वाचक, होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : सासऱ्यांचं नंतर बघू, आधी ती बरणी रिकामी करा. तयार कोंबुचाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) अडीच ते साडेतीनच्या आसपास असतो. बरणीच्या झिलईत शिसं असेल तर एवढं आंबट पाणी ते ओढून घेतं. ऑस्ट्रेलियात एक नवरा-बायको सहा महिने चिनीमातीच्या भांड्यातला कोंबुचा पीत होते. दोघांना शिशाची विषबाधा झाली आणि १९९८ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद आली. तुमच्या बरणीत शिसं असेलच असं नाही, पण घरी बसून ते ओळखता येत नाही. तांब्या-पितळेचं आणि ॲल्युमिनियमचंही भांडं नको. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. स्कोबी बहिणीकडून नवी मागा, तिच्याकडे एव्हाना चकत्यांचा ढीग झाला असेल.

तंतूंची काळजी नको, ते यीस्ट आहे. यीस्ट साखर फोडून अल्कोहोल करतं आणि जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. वरची चकती म्हणजे त्या जिवाणूंनीच विणलेलं सेल्युलोज. घाबरायचं ते पृष्ठभागावर कोरडी, केसाळ बुरशी दिसली तर, मग ती पांढरी असो, हिरवी असो की काळी. तेव्हा चकतीसकट सगळं फेकायचं. वरचं काढून खालचं वापरू, हा हिशोब इथं चालत नाही.

आता पाच दिवसांचं. बहिणीची कृती २४ ते २९ अंश तापमानाची आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ आणि पत्र्याच्या घरात विचारूच नका. त्यामुळे पुण्याचे दिवस मोजू नका, तिसऱ्या दिवसापासून स्वच्छ चमच्यानं चव घ्या. मी उन्हाळ्यात बरणी परातीत ठेवते, परातीत चार बोटं पाणी आणि बरणीला भोवती ओला पंचा. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठासारखा गारवा धरतो. मात्र तोंडावरचं सुती कापड कोरडंच हवं, आणि बरणी कूलरच्या झोतात नको, त्या दमट वाऱ्यातून बुरशी येते. लिटरभर पाण्याला ७०-८० ग्रॅम साखर, दोन चमचे साधी चहापत्ती आणि आधीच्या घाण्यातला १००-१५० मिली आंबट कोंबुचा. हा आंबट भाग कंजूषपणे घालू नका, सुरुवातीला बुरशीला तोच अडवतो. नळाचं पाणी उकळून घ्या, म्हणजे क्लोरीन जातं. चहा पूर्ण गार झाल्यावरच स्कोबी सोडा. पीएचच्या पट्ट्या मिळाल्या तर उत्तम: आठवड्यातही ४.२ च्या खाली आला नाही तर ओतून द्या.

आता सासरे. २०२३ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचा एक अभ्यास आला. टाइप २ मधुमेहाच्या माणसांनी चार आठवडे रोज सुमारे २४० मिली कोंबुचा घेतला, तर उपाशीपोटीची सरासरी शुगर १६४ वरून ११६ वर आली. मोबाइलवर फिरतं ते बहुधा हेच. पण माणसं होती अवघी बारा, आणि कोंबुचा तयार, एकसारखा, विकतचा. तुमच्या बरणीत किती साखर उरली ते कुणी मोजलेलं नाही. घालताना एका पेल्यात तीन चमचे पडते, त्यातली बरीच शिल्लक राहते आणि आंबटपणात जिभेला कळत नाही. लिव्हर आणि गुडघ्यांबद्दल तर माणसांवरचा धड पुरावाच नाही. उलट १९९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रोज घरचा कोंबुचा पिणाऱ्या दोन बायकांच्या रक्तात आम्ल भयंकर वाढलं, त्यातली एक दगावली. कोंबुचामुळेच झालं हे सिद्ध झालं नाही, पण मूत्रपिंड अधू असलेल्यानं त्या वाटेला जाऊ नये. सासऱ्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा, डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर चवीपुरता अर्धा कप, जेवणाबरोबर, आणि गोळी बंद करायची नाही. पेलाभर हवंच असेल तर ज्वारीची आंबील किंवा ताक द्या. आंबवलेलं ते आपल्याकडे आधीपासून आहे, साखर न घालता.

गरोदर बाई, लहान मूल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेला माणूस, यांना घरचा कोंबुचा नकोच. ॲसिडिटीवाल्यांनी आणि दात शिवशिवणाऱ्यांनी जपून.

प्रश्न : आमच्या सासूबाई माळकरी. यात दारू असते का? (पंढरपूर)

उत्तर : थोडी असते. विकतच्यात साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवतात. घरी, तेही बाटली बंद करून ठेवली तर, एक-दोन टक्क्यांपर्यंतही जाते. ‘नुसता चहाच आहे’ म्हणून देऊ नका. त्यांना सांगा, प्यायचं की नाही ते त्या ठरवतील. मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) चालू असेल तर कुणीच पिऊ नये.

प्रश्न : डाळिंबाचा रस घालून बाटलीत भरलं, रात्री बाटली फुटली. काय चुकलं? (सांगोला)

उत्तर : रसातली साखर यीस्टला मिळाली, वर सांगोल्याचा उकाडा. गॅस कोंडला. तुमच्याकडची डाळिंबं गोड, तेव्हा अर्ध्या लिटरला दोन-तीन चमचे रस पुरे. बाटली जाड काचेची घ्या, शरबताची चौकोनी बाटली दाब सोसत नाही. दोन-तीन बोटं जागा ठेवा, उन्हाळ्यात एक दिवस बाहेर, मग थेट फ्रीजमध्ये. एखादी प्लास्टिकची बाटलीही सोबत भरा, ती दाबून कडक लागली की सगळ्याच आत ठेवा. उघडताना वर फडकं धरा आणि तोंडापासून लांब.