दोन महिन्यांच्या कॉकाटीलची (तुरा असलेला छोटा परदेशी पोपट) शेपटी विस्कटलेली आहे, पिल्लू घ्यावं का?

नुसती शेपटीच असेल तर घ्या. एका पिंजऱ्यात पाच-सहा पिल्लं कोंबली की जाळीला घासून शेपट्या फाटतात. साधारण सहा महिन्यांनंतर पिसं झडून नवी येतात. डोक्यावरच्या पांढऱ्या काड्या म्हणजे आवरणातली कोवळी पिसं. ल्युटिनो, म्हणजे पिवळट-पांढऱ्या रंगाचं पिल्लू असेल तर तुऱ्यामागचं टक्कल जन्माचंच.

मी मात्र आधी पंख उलगडून उजेडात धरतो. पिसांवर आडव्या फिकट रेघा असतील तर वाढीत उपासमार किंवा ताण झालाय. पिसं मुळाशी आवळलेली, वाकडी निघत असतील तर विषाणूची शंका घ्या. घरात दुसरे पक्षी असतील तर असं पिल्लू तपासणीशिवाय मुळीच आणू नका.

आणि विक्रेत्याने ‘त्यापेक्षा हा आपला हिरवा मिठू न्या’ म्हटलं तर सरळ निघा. देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.