कंदांना नुसती पात, लिंबाची फुलगळ आणि दोघांचे एकच आळे

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: लिंबाच्या आळ्यातच दोन वर्षांपूर्वी निशिगंध, ग्लॅडिओलस आणि अमॅरिलिस लावले. पहिल्या वर्षी भरपूर फुले आली, आता नुसती पात. लिंबू फुलते, पण फळ धरत नाही. रोज पाणी, महिन्याला मूठभर युरिया, आणि फुले संपली की पाने कापून वाफा साफ. फाटकावरच्या दिव्याजवळची शेवंतीही यंदा फुललेली नाही. 'आता कोणते खत घालू?' असे विचारले आहे. कोणतेही घालू नका. युरिया तर आजच बंद करा.

पहिल्या वर्षीच्या फुलांचे श्रेय तुमच्या वाफ्याला नाही. कंद आला तेव्हाच त्याच्यात फुलापुरता साठा भरलेला होता. कंदाचा हिशेब एक हंगाम उधारीवर चालतो: यंदाची पाने उन्हात जे कमावतील त्यावर पुढचा फुलदांडा निघतो. अमॅरिलिसमध्ये तर फुलाची कळी उमलण्याच्या साधारण वर्षभर आधी कंदाच्या पोटात तयार होते, आणि साधारण चार पानांमागे एक कळी असा तिचा क्रम असतो. फुले संपल्यावर हिरवी पाने कापली की ही कमाई तिथेच थांबते, कंद दरवर्षी बारीक होत जातो. वाफा गबाळा दिसतो हे खरे, पण निदान सहा आठवडे, आणि शक्यतो पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत, त्यांना हात लावू नका. कापायचा तो फुलदांडा. बी धरू लागले तर तेही खुडून टाका. ग्लॅडिओलसचा दांडा फुलदाणीसाठी कापताना खाली किमान चार पाने राहू द्या.

आता एकेकाचे पाहू, कारण तिन्ही कंदांची तऱ्हा वेगळी आहे.

निशिगंधाचा जो कंद एकदा फुलला तो पुन्हा फुलत नाही. फुलतात ती त्याच्या बगलेची पिल्ले. दोन वर्षांत एकेका जागी पिल्लांचा गड्डा होतो, सगळी एकाच मातीवर जगतात आणि कुणीच फुलण्याइतके मोठे होत नाही. पात पिवळी पडू लागली की पाणी तोडा, गड्डा सबंध खणून काढा, माती झटका आणि दोन-तीन आठवडे सावलीत, वारा लागेल असे पसरून ठेवा. चार दिवसांनी एकदा उलटे-पालटे केले की बुरशी धरत नाही. मग पिल्ले सुटी करा. 2 ते 3 सेंमी व्यासाचे कंद फुलांसाठी. त्याहून बारीक असतील ते वेगळ्या कोपऱ्यात दाट लावा, एक हंगाम पोसू द्या. दाबून मऊ लागेल तो फेका, त्याची दया नको. लावताना दोन कंदांत 20 सेंमी अंतर आणि शेंड्यावर 3 ते 4 सेंमी माती. तिथून साधारण तीन-चार महिन्यांत दांडे दिसतात. दिवसभर ऊन नसेल तर मात्र या सगळ्याचा काही उपयोग नाही. लिंबाच्या सावलीत निशिगंध पातीवरच राहणार.

ग्लॅडिओलसचा जुना कंद हंगामाअखेर सुकतो आणि त्याच्या डोक्यावर नवा बसतो. तळाशी मण्यांएवढी बारीक पिल्ले असतात. त्यांना फुलायला दोन-तीन हंगाम लागतात, हौस असेल तरच जपा. फुलांनंतर सहा ते आठ आठवड्यांनी कंद उपटा, सुकल्यावर जुना चोथा नव्यापासून मोडून टाका. लागवड 10 सेंमी खोल. वरवर लावला की दांडा फुलांच्या भाराने आडवा होतो आणि माणसे काठ्या शोधत बसतात. पानांवर चंदेरी ओरखडे आणि अर्धवट उमलून करपलेल्या कळ्या दिसल्या तर ते फुलकिडे. ते कंदावरही मुक्काम करतात, म्हणून साठवणीपूर्वी कंद नीट तपासा.

अमॅरिलिस मात्र दरवर्षी खणू नका. त्याच्या मुळांना छेडछाड आवडत नाही. तुमचा कंद बहुधा पूर्ण गाडला गेला आहे. वरचा एक तृतीयांश भाग उघडा हवा, नाहीतर मानेशी पाणी साचून तो कुजतो. आठ ते दहा आठवडे पाणी तोडून त्याला कोरडी झोप द्या. रोजच्या पाण्यात ती मिळत नाही, म्हणून नुसती पाने. कंदाचा घेर 20 सेंमीच्या आसपास झाल्याशिवाय फुलाची वाट पाहण्यात अर्थ नाही. काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर संध्याकाळी हाताने वेचा. दोन रात्रींत त्या पाने संपवून आत शिरतात. हा कंद विषारी असतो, तेव्हा घरात कांद्यांच्या शेजारी ठेवू नका.

खत हवेच असेल तर पाने हिरवी असताना पालाश (पोटॅश) द्या: 0-0-50, म्हणजे नत्र-स्फुरद नसलेले नुसते पालाशाचे खत, लिटरला 5 ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. युरियातल्या नत्राने पात माजते आणि कंद पिलपिला राहतो. बाकी मुरलेले शेणखत लागवडीच्या वेळी घाला. कच्चे शेण कंदाला लागले की सड ठरलेली.

आता लिंबू. त्याची बारीक, अन्न घेणारी मुळे वरच्या फूटभर मातीत असतात. कंदांसाठी तिथे दरवर्षी कुदळ चालली की तीच तुटतात, आणि मुळे तुटलेले झाड आधी फळ सोडते. शिवाय ज्या काळात कंदाला कोरडे हवे त्याच काळात लिंबाला फळ पोसायला पाणी लागत असेल, तर एकाच नळीने दोघांचे भागणार कसे? म्हणून कंद यंदा हलवाच: फांद्यांच्या घेराबाहेर, उन्हात, 15 ते 20 सेंमी उंच गादीवाफ्यावर. लिंबाखाली मग काहीही लावू नका. पालापाचोळ्याचा थर द्या, तोही खोडापासून वीतभर लांब.

बहुतेक फुले गळतात हे लिंबाच्या बाबतीत नैसर्गिक आहे. शंभरात पाच टिकली तरी झाड लगडते. त्याहूनही कमी टिकत असतील तर पाणी पाहा. आळे खोडाला चिकटून नको. आत मातीची भर आणि बाहेर पाण्याची रिंग, अशी दुहेरी करा. खोडाशी ओल राहिली की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, येतो. डिंक दिसत असेल तर साल खरवडून 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि 1 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावा. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे कालवून मग एकत्र करा आणि त्याच दिवशी वापरा. लोखंडी सुरीवर तांबूस थर बसला तर चुना कमी पडला आहे.

झाड चार-पाच वर्षांचे, निरोगी आणि जमिनीत असेल तरच ताण द्या, म्हणजे फुलोरा यावा म्हणून काही काळ पाणी तोडा. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड ते दोन महिने; पण दिवस मोजण्यापेक्षा पाने पाहा. ती मलूल होऊन साधारण पाव हिस्सा गळाली की पुरे. मग पहिले आंबवणीचे पाणी हलके, चार दिवसांनी चिंबवणीचे थोडे जास्त, आणि त्यानंतर नेहमीचे. ताण तोडताना एकदम आळे भरले की फुलोरा येतो आणि झडतो. फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत पाण्यात खंड पडू देऊ नका. झाड कलमी असेल तर जोडाखालून निघणारे काटेरी फुटवे दिसताक्षणी मोडा; ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या रोपाचे असतात आणि झाडाचे जेवण खातात.

शेवंतीचा दोष खतात नाही, फाटकावरच्या दिव्यात आहे. तिला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. फुटवे सुटे करून नव्याने लावा, शेंडे दोनदा खुडा, पण दिवसमान कमी होऊ लागले की खुडणे थांबवा आणि दिवा रात्री बंद ठेवा. तो बंद करणे शक्य नसेल तर शेवंतीच घराच्या दुसऱ्या बाजूला हलवा.