रूबिलियाकचे अर्धपुतळे बघताना आधी कपाळ बघा

तुम्ही विचारलंय की लंडनच्या संग्रहालयांत सगळेच संगमरवरी चेहरे सारखे दिसतात, मग रूबिलियाकच्या अर्धपुतळ्यांचंच एवढं कौतुक का? तक्रार बरीचशी खरी आहे. अठराव्या शतकातले निम्मेअधिक अर्धपुतळे मलाही 'साहेब बसलेत' यापलीकडे काही सांगत नाहीत.

लुई-फ्रान्स्वा रूबिलियाक हा शिल्पकार मूळचा फ्रान्समधल्या ल्यों शहराचा, जन्म १७०२ चा. १७३० च्या सुमारास लंडनला आला आणि १७६२ मध्ये तिथेच वारला.

मला त्याचा नाद लागला तो कवी अलेक्झांडर पोपमुळे. लहानपणी पाठीच्या कण्याला क्षय झाल्याने पोपला कुबड होतं, उंची जेमतेम साडेचार फूट. अर्धपुतळ्यात कुबड लपवणं सोपं, खांद्याखाली आटोपतं घेतलं की झालं. पण चेहऱ्याचं काय? रूबिलियाक म्हणायचा की या माणसाला डोकेदुखीचा त्रास आहे हे कुणी सांगितलं नसतं, तरी भुवयांच्या वरची आवळलेली कातडी बघून मला कळलं असतं. बर्मिंगहॅमच्या बार्बर इन्स्टिट्यूटमध्ये पोपचा भाजलेल्या मातीचा अर्धपुतळा आहे. तिथे नेमकी तीच जागा बघा.

मी स्वतः काही वर्षं मातीकाम शिकलोय. कपाळ म्हणजे आमच्या लेखी कंटाळ्याचा भाग. अंगठा फिरवायचा, गुळगुळीत करायचं आणि नाक-डोळ्यांकडे वळायचं. या बाबाने दुखणं नेमकं तिथे शोधलं! म्हणून माझं मत असं की त्याचं मातीतलं काम आधी बघावं, संगमरवर नंतर. मातीवरून साचा, साच्यातून प्लॅस्टर आणि त्यावरून दगड, एवढ्या प्रवासात बोटांची खूण थोडी पुसतेच.

सगळंच त्याला साधलं असं नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला न्यूटन रुबाबदार आहे, पण न्यूटन १७२७ मध्येच गेलेला. रूबिलियाककडे त्याचा मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा होता. मुखवट्यावरून हाडं मिळतात, कपाळावरची आठी कुठून मिळणार?

तुम्ही लंडनमध्येच आहात तर नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतला चित्रकार होगार्थचा अर्धपुतळा आधी गाठा. १७४१ च्या आसपासचा, भाजलेल्या मातीचाच. विग नाही, डोक्यावर घरातली मऊ टोपी. काम टाकून मिनिटभर तुमच्याकडे वळलाय आणि लगेच काहीतरी खवचट बोलणार, असा चेहरा. होगार्थच्या ट्रम्प नावाच्या पग कुत्र्याचंही शिल्प रूबिलियाकने केलं होतं, हे जाता जाता.