सापाचा खर्च आणि मावशींचा पगार

बेसा, नागपूर इथून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 34, मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी, हातात 62,000 येतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, पगार 24,000. मुलगी चार वर्षांची. घराचा हप्ता 23,500, एसआयपी 6,000, अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले 1,10,000. यांना बॉल पायथन हा परदेशी साप पाळायचाय. साप 30,000, काचेची पेटी आणि हीटर-थर्मोस्टॅट मिळून 18,000. पत्नी साफ नाही म्हणते. ‘तिला एक तोळ्याची चेन घेऊन दिली तर ऐकेल असं वाटतं. पैसे अडीअडचणीच्या फंडातून काढू की पर्सनल लोन घेऊ?’ पत्राच्या शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं: विक्रेत्याला 5,000 अॅडव्हान्स देऊन झालाय, घरी माहीत नाही; कागदपत्रं काही लागत नाहीत म्हणे. आणि दुपारी मुलीला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्यात, घरात साप आला तर मी येणार नाही.

तर साहेब, फंडातूनही नको आणि कर्ज काढून तर नकोच. साप कधीच घेऊ नका असं मी म्हणत नाही. आत्ता घेऊ नका.

चेनचा विषय आधी निकालात काढू. तोळ्याचा भाव लाखाच्या वर आहे, शिवाय घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी. म्हणजे 48,000 चा शौक दीड लाखाच्या पुढे गेला, आणि त्यातला मोठा वाटा सापावर नाही, वहिनींचा नकार विकत घेण्यावर. असा घेतलेला होकार टिकत नाही हे वेगळं सांगायला नको. सोनं घ्यायचं असेल तर दिवाळीला घ्या, सापाशी त्याचा संबंध जोडू नका.

आता महिन्याचा खर्च. पत्रात तुम्ही फक्त उंदरांचे 600 धरलेत. पेटीतलं अंथरूण, किरकोळ सामान 200. डॉक्टरसाठी महिन्याला 500 बाजूला टाकायला हवेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे ही नागपूरकरांची सोय, पण गल्लीतला कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर सापाला हात लावेलच असं नाही. वीज सरासरी 400 धरतो, आणि हा आकडा इंटरनेटवरच्या कुठल्याही हिशोबात सापडणार नाही, कारण ते हिशोब नागपुरात बसून केलेले नसतात.

या सापाला पेटीच्या एका टोकाला 31-32 अंश आणि दुसऱ्या टोकाला 26-27 लागतात. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो. 2018 च्या डिसेंबरात तर 3.5 पर्यंत गेला होता. तेव्हा हीटर रात्रभर चालणार. ते स्वस्तात निभावतं, 60 वॉटचा हीटर रोज बारा तास चालला तरी महिन्याला 22 युनिटच्या आत. गोम उन्हाळ्यात आहे. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश नोंदले गेले. (2024 च्या 56 अंशांचं मनावर घेऊ नका, ते यंत्र बिघडलेलं होतं.) तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असली तरी वहिनी आणि मुलगी माहेरी, तुम्ही ऑफिसात, आणि बंद घरात दुपारी तीन वाजता 38-40 अंश. त्यात हा प्राणी जगणार नाही. म्हणजे रिकाम्या घरात कूलर चालू ठेवायचा, टाकीत पाणी आहे का ते कोणीतरी येऊन बघायचं, आणि कूलर पुरला नाही तर एसी. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. दोन महिने, रोज आठ तास म्हणजे पावणेपाचशेच्या वर युनिट. महावितरणच्या बिलात 300 युनिटच्या पुढे दर कसा उडी मारतो हे तुम्हाला ठाऊक आहेच.

सगळं मिळून महिना 1,700, वर्षाला 20,400. बॉल पायथन नीट सांभाळला तर 20 ते 30 वर्षं सहज जगतो. 25 वर्षं धरली आणि महागाई 6 टक्के, तर एकूण 11 लाखांच्या आसपास. हेच 1,700 सुकन्या समृद्धीत 15 वर्षं टाकले तर 8.2 टक्के दराने मुदतीअंती साडेनऊ लाखांच्या घरात जातात. अर्थात असा हिशोब करत बसलं तर माणूस पानसुद्धा खाणार नाही. शौकाला पैसे लागतात आणि ते असावेत. 86,000 च्या घरात 1,700 जड नाहीत.

जड आहेत त्या मावशी. तुम्ही त्यांचं वाक्य गंमत म्हणून लिहिलंय. मला सगळ्या पत्रात तेच सर्वांत महाग वाटलं. मावशींना तुम्ही 5,000 देता. त्या गेल्या तर बेसा-मनीषनगरकडे पूर्ण दुपारचं पाळणाघर, वर रिक्षा, हे काही 5,000 त बसणार नाही. तेही जमलं नाही तर नोकरी कोण सोडणार? उत्तर तुम्हालाही माहीत आहे, वहिनींनाही. त्यांचे 24,000 गेले की हप्ता आणि एसआयपी भागवून तुमच्या हातात 32,500 उरतात, त्यात घर. वहिनी ‘किळस येते’ म्हणत असतील, पण त्यांच्या नकारामागे हा हिशोबही असणार. त्यांना सापाचे व्हिडिओ दाखवण्याआधी याचं उत्तर शोधा.

कागदपत्रं लागत नाहीत हे धादांत खोटं. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतात. 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय तुमच्याच गावात, सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे. आणि ‘सर्पमित्राकडून धामण फुकट मिळेल’ हा पत्रातला दुसरा पर्याय डोक्यातून काढून टाका. आपल्याकडचा कुठलाच साप घरी पाळता येत नाही. अजगरासारखा पहिल्या अनुसूचीतला असेल तर किमान तीन वर्षांची कैद. तुम्ही घेतलेला परदेशी साप नकोसा झाला म्हणून गोरेवाड्याच्या जंगलात सोडूनही चालणार नाही.

मग करायचं काय? पुढच्या महिन्यापासून 1,700 ची आरडी सुरू करा, तुमच्या स्वतःच्या खर्चाच्या पैशातून. बाहेरचं जेवण, गाडीची अॅक्सेसरीज, कुठून वाचवायचे ते तुम्ही ठरवा. वर्षभर एकही हप्ता चुकला नाही तर हा खर्च झेपतो हे वहिनींना बोलून नाही, पासबुकात दिसेल, आणि वर 20,000 साठलेले असतील. तोवर अडीअडचणीचा फंड तीन लाखांपर्यंत न्या. मुलगीही मोठी होईल, मावशींचा प्रश्न थोडा सैल पडेल. मे महिन्यात पेटीच्या जागी नुसता थर्मामीटर ठेवून रोज दुपारचा आकडा लिहून काढा. वर्षानंतर वहिनींना परत विचारा. तेव्हाही नाही म्हणाल्या तर नाही. गृहकर्जावर जशा दोघांच्या सह्या आहेत, तशाच 25 वर्षांच्या या जबाबदारीवरही लागतील.

अॅडव्हान्सचं आज रात्रीच घरी सांगा. उद्या विक्रेत्याकडे साप कुठून आला याची कागदपत्रं आणि नोंदणीचा पुरावा मागा. तो टाळाटाळ करेल, मग 5,000 परत मागा. मिळाले तर आरडीत टाका. नाही मिळाले तर त्या पैशांवर पाणी सोडा; ते वसूल व्हावेत म्हणून उरलेले 25,000 त्याच्या हातात देऊ नका.