शाळा बदलली तर ती मागे पडेल का?

मी मुलांची समुपदेशक. मार्च लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. वार्षिक परीक्षा संपत आलेली असते आणि आई-वडिलांपैकी एक जण तरी खुर्चीच्या कडेवर बसलेला असतो. "मॅडम, साधी शाळा बघावी म्हणतोय. पण मग ती मागे पडली तर?"

स्वराचे (नाव बदललंय) आई-बाबा असेच आले होते. मुलगी आठवीत, पुण्यातली खासगी सीबीएसई शाळा, त्यातच फाउंडेशनचे, म्हणजे जेईईसारख्या प्रवेश परीक्षांच्या आगाऊ तयारीचे तास. सकाळी सहा दहाची बस, संध्याकाळी साडेपाचला घरी, सातला ऑनलाइन डाउट सेशन. दर पंधरा दिवसांनी टेस्ट आणि मार्कांप्रमाणे बॅच बदलायची. कोण 'ए'मधून 'सी'मध्ये गेलं, ते पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना दिसायचं. जानेवारीपासून दर सोमवारी स्वराच्या पोटात दुखायला लागलं. बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या, काही सापडलं नाही, तेव्हा त्यांनीच माझ्याकडे पाठवलं. हा क्रम बरोबर आहे. पोटदुखी म्हणजे टेन्शनच, असं आधीच ठरवून माझ्याकडे येऊ नये.

दुसऱ्या भेटीत तिने गणिताची वही दाखवली. एक पान खोडरबराने घासून घासून फाटलेलं, मागून सेलोटेप लावलेली आणि त्यावर तेच उदाहरण पुन्हा सोडवलेलं. खोडलेल्या आकड्यांचे वळ अजून दिसत होते. उत्तर पहिल्याच वेळी बरोबर होतं.

"मग खोडलंस का?"

"एक स्टेप सुटली असं वाटलं. सर सगळ्यांसमोर वही वर धरतात."

हे पाहिल्यावर शाळेला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण असं खोडणारं मूल साध्या शाळेतही खोडत राहतं, हेही मी पाहिलंय. म्हणून आई-बाबांना पहिल्याच दिवशी सांगितलं की शाळा बदलली तरी आमच्या भेटी चालू राहतील. मग तिघांना बसवून झोपेचा हिशेब मांडला. पावणेबाराला दिवा बंद, साडेपाचला गजर, म्हणजे पावणेसहा तास. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. बाबा आकड्यांचा माणूस, तो कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला.

तरी त्यांची खरी भीती वेगळीच होती. "आज शाळेतून पळाली, उद्या नोकरीतून पळेल." जिल्हा परिषदेच्या शाळेत छड्या खाऊन आम्ही कसे टिकलो, हेही ओघाने आलं. मी विचारलं, "शाळा सुटल्यावर काय करायचात?" "काय करणार? विहिरीवर जायचो पोहायला." स्वराची आई खिडकीबाहेर बघत हसली.

दुसरी भीती जेईईची. इथे मला समुपदेशन सोडून सरळ माहिती द्यावी लागते. नववीच्या मार्कांना पुढे कुणी विचारत नाही. अकरावीचा प्रवेश दहावीवर होतो, आणि राज्य मंडळाच्या दहावीत 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे, सहापैकी चांगले पाच विषय धरतात. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, अकरावीच्या अभ्यासक्रमाला 20 टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला 80 टक्के वजन असतं. म्हणजे खरी शर्यत अजून दोन वर्षं लांब होती आणि पोरगी आत्ताच धापा टाकत होती. मात्र बदल करायचा तर नववीच्या आधी करा, असं मी आवर्जून सांगते. सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि दहावीत शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते.

मग शाळा बघणं आलं. इथे माझी एक जुनी चूक कबूल करते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी निव्वळ माहितीपत्रक वाचून एक शाळा सुचवली होती. चार महिन्यांत तो पुन्हा माझ्यासमोर बसला होता. तेव्हापासून शाळा चालू असताना जाऊन बघा, असं सांगते.

स्वराच्या घरच्यांनी तीन शाळा पाहिल्या. पहिलीच्या ऑफिसात 'स्ट्रेस-फ्री लर्निंग' असा फलक आणि फाटकावर टॉपर्सच्या फोटोंचा भलामोठा फ्लेक्स. दुसरी प्रयोगशील, फार सुंदर, दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. तो मार्ग वैध आहे आणि काही मुलांना मी तोच सुचवते. पण तिथल्या वर्गात नऊच मुलं होती, आणि स्वराला मैत्रिणींचा घोळका हवा होता. तिसरी राज्य मंडळाची, विनाअनुदानित, घरापासून सायकलवर बारा मिनिटं. रंग उडालेल्या भिंती, एका वर्गात बेचाळीस मुलं. मी त्यांना एकच प्रश्न लिहून दिला होता: मूल चाचणीत नापास झालं की तुम्ही काय करता? पहिल्या शाळेने ॲपवर पालकांना अलर्ट जातो, असं सांगितलं. तिसरीच्या मुख्याध्यापिकांनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. कोणत्या मुलाला कोणत्या धड्यासाठी कुणी थांबवून घेतलं, ते त्यात शाईने लिहिलेलं. बाहेर पडताना आईने शिपाईमावशींना विचारलं, मुलं रडतात का हो इथे? "रडतात की, पण डबे खातात," मावशी म्हणाल्या.

सीबीएसईचं वर्ष मार्चमध्ये संपलं, ही शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. मधले दोन महिने कुठलाही ब्रिज कोर्स लावायचा नाही, यावर बाबांशी माझी बरीच वादावादी झाली. शेवटी मराठीच्या तयारीवर तडजोड झाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बीजगणिताच्या पहिल्या चाचणीत तिला 20 पैकी 11 मिळाले आणि त्या रात्री ती जेवली नाही. सोमवारी पोट अजून अधूनमधून दुखतं. महिन्यातून एकदा ती येते. वहीत आता खाडाखोड दिसते, फाटलेलं पान दिसत नाही.

परवा बाबांचा फोन आला. "मॅडम, अकरावीला इंटिग्रेटेड घ्यायचं का? कॉलेज आणि कोचिंग एकत्र?" मी म्हटलं, तिलाच विचारा ना. फोन स्पीकरवर असावा, कारण पलीकडून आवाज आला, "बाबा, आधी सहामाही होऊ दे!"